सातारची परीक्षा आणि सतरा नंबरचा फॉर्म



मागच्या वेळी मी काजूगराच्या प्रतवारीवर बोलले होते. बोलता बोलता शेवटी सांगून गेले की आमच्या गटांतल्या सहाजणी यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसल्यात. नंतर जे फोन आले त्यात काजूचे दोनच, बाकी सगळे दहावीचे. मला वाटलं होतं, बायका गणित नि इंग्रजीचं विचारतील. ते विचारलंच, पण त्याहून जास्त जणींनी विचारलं ते इतिहासाचं. "ताई, शिवाजी महाराज, स्वातंत्र्याचा लढा येवढं येतं आम्हाला. पण हे पुस्तक उघडलं तर पहिल्याच धड्यात सगळी फिरंगी नावं!"

खरं आहे. माझ्या वेळी दहावीला महायुद्धं होती. आता जे पुस्तक चालू आहे ते वेगळं आहे. त्यात राजांची वंशावळ नाही. इतिहास लिहितात कसा, कोण लिहितं, कशावरून लिहितं, इथून ते सुरू होतं. मग चित्रकला, वर्तमानपत्र, नाटक-सिनेमा, खेळ, पर्यटन, जुन्या वस्तूंचं जतन. मागे राज्यशास्त्र. इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर चाळीस गुणांचा, भूगोलाचा चाळीस, वीस अंतर्गत मूल्यमापनाचे. सगळे मिळून शंभर, आणि पास व्हायला पस्तीस. म्हणजे एका पेपरात थोडं कमी पडलं तर दुसरा सावरून घेतो. हे ऐकल्यावर आमच्या निम्म्या जणींचा जीव भांड्यात पडला.

पण त्या पहिल्या धड्यावर आम्ही तीन आठवडे अडकलो होतो, ते आधी सांगते.

आमच्यातली एक वहिनी आहे. आठवीत शाळा सुटली, सासरी आली, दोन पोरं, आता मोठा मुलगा नोकरीला मुंबईत. गटाचा हिशोब ती ठेवते आणि तिच्या हिशोबात आजवर एक रुपयाची चूक निघालेली नाही. तिला बीसी सखीचं काम हवंय, म्हणजे गावात मशीन घेऊन बँकेचे व्यवहार करून द्यायचं काम. त्याला दहावी पास लागते. अंगात हुशारी आहे, कागद नाही. तर ही वहिनी त्या धड्यातलं लिओपॉल्ड व्हॉन रांके हे नाव वाचून पुस्तक मिटून म्हणाली, "ह्या रांक्याचा नि माझा काय संबंध गो?"

मलाही पटकन उत्तर सुचेना. मी बीए आहे, पण इतिहास घेऊन नाही. घरी येऊन धडा पुन्हा वाचला. रांके हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन इतिहासकार. त्याचं म्हणणं असं की मागे काय घडलं ते ठरवायचं तर मूळ कागदपत्रं बघा, ती नीट तपासा, ऐकीव आणि रंगवलेल्या गोष्टींवर जाऊ नका. वाचता वाचता मला आमच्या गटातलं एक भांडण आठवलं. एकीचं म्हणणं होतं, मी कर्ज फेडलंय. दुसरी म्हणत होती, शेवटचे दोन हप्ते बाकी आहेत. दोघी खऱ्या वाटत होत्या, दोघींच्या बाजूने साक्षी देणाऱ्या होत्या. तेव्हा हीच वहिनी उठली, इतिवृत्ताची वही नि कर्जखतावणी काढली, तारीख, रक्कम, सही दाखवली. भांडण तिथेच संपलं. एक हप्ता बाकी होता. दोघीही चुकल्या होत्या.

पुढच्या गुरुवारी मी तिला म्हटलं, "वैनी, त्या दिवशी तू जे केलंस ना, तेच रांके सांगतो." ती जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "येवढंच? मग सरळ लिवायचं की!"

तिथून धडा सुटला. व्हॉल्टेअर म्हणतो, नुसत्या लढाया नि सनावळ्या नकोत, समाजाच्या चालीरीती, व्यापार, शेती हेही इतिहासात आलं पाहिजे. आम्ही म्हटलं, म्हणजे आपल्या काजूच्या बियांचा दर, गिरणीच्या संपानंतर मुंबईहून परत आलेली माणसं, हे सगळं इतिहासच. मिशेल फुको म्हणतो, ज्यांच्याकडे इतिहासकारांनी पाहिलंच नाही त्या मनोरुग्णांचा, तुरुंगातल्यांचा, दवाखान्यांचा इतिहास शोधा. एकीने लगेच रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव घेतलं. शंभर वर्षांहून जुनं आहे ते, आणि आपल्याकडे त्याचं नाव फक्त चेष्टेत निघतं. फुकोला हेच म्हणायचं होतं हो.

आणि फिरंगी नावं ओलांडून पुढच्या धड्यात आलं की आपली माणसं भेटायला लागतात. रामकृष्ण गोपाळ भांडारकर मालवणचे. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, आणि त्यांचं थोडं शिक्षण रत्नागिरी शहरात झालं. मुंबई विद्यापीठाने १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा घेतली, तिच्यात पास झालेल्या मोजक्या मुलांत भांडारकर आणि न्यायमूर्ती रानडे होते. म्हणजे ज्यांच्यावर टीप लिहायची, त्यांनी स्वतः अशीच परीक्षा दिलेली. टिळक तर रत्नागिरीतच जन्मले. बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वंचितांच्या इतिहासाची टीप लिहिताना महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'बरोबर बाबासाहेबांच्या लिखाणाचं नाव लिहायचं असतं, ते आमच्या बायका आता पुस्तक न बघता लिहितात.

आता परीक्षेचाच इतिहास सांगते. तो पुस्तकात नाही, पण आपल्या जिल्ह्यातला आहे आणि मला तो आमच्या सहाजणींसाठी फार कामाचा वाटला.

महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे. जन्म १८ एप्रिल १८५८, आजोळी, खेड तालुक्यातल्या शेरवलीला. घरची गरिबी. त्या काळी मराठी सहावी झाली की सरकारची एक परीक्षा असायची. ती पास झालं की मास्तरकी किंवा सरकारी कचेरीत कारकुनी मिळायची. म्हणजे तेव्हाही प्रश्न कागदाचाच होता! इंग्रज सरकारला लिहिणारी-वाचणारी माणसं हवी होती, परीक्षा ही त्यासाठीची चाळण होती. वय सतरा पुरं पाहिजे अशी अट. आणि परीक्षा आपल्या जिल्ह्यात नव्हती. मुंबईला जा नाहीतर सातारला.

१८७५ साली धोंडो नि त्याचे सोबती निघाले. पावसाचे दिवस, समुद्र खवळलेला, मुंबईला बोटीने जायची सोय नाही. मग राहिलं सातारा. मुरुड ते सातारा म्हणजे शंभर मैलांच्या वर, मध्ये सह्याद्री उभा. मुलं चालत निघाली. पाऊस, ओढे, जंगल, घाट. चार दिवसांत सातारला पोचली. आपल्याला गावातून तालुक्याला जायला एसटी चुकली तर आपण कपाळाला हात लावतो, म्हणून सांगते.

आणि तिथे पोचल्यावर काय झालं? परीक्षा घेणाऱ्या समितीच्या अध्यक्षांनी या बारक्या पोराकडे बघितलं आणि म्हणाले, हा सतरा वर्षांचा दिसत नाही. वय भरलेलं होतं, पण दिसत नव्हतं. परीक्षेला बसू दिलं नाही. आला तसा परत. पुढच्या खेपेला तो कोल्हापूरला गेला आणि तिथे पास झाला. मग मॅट्रिक १८८१ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी. बीए १८८४ साली, सव्विसाव्या वर्षी. शंभरी गाठली तेव्हा १९५८ साली भारतरत्न. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे कारण त्यांनी स्वतः 'आत्मवृत्त' लिहून ठेवलं. पेपरात लिखित साधनांचं उदाहरण विचारलं तर आत्मचरित्र हे उदाहरण चालतं, ते इथूनच लक्षात ठेवा.

ही गोष्ट मी सांगितली तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकी, पन्नाशीच्या पुढच्या, हसायला लागल्या. त्या गेल्या वर्षी एका केंद्रावर पेपरला गेल्या होत्या. दारातल्या माणसाने विचारलं, "आजी, नातवाला सोडायला आलात का? पालकांनी बाहेर थांबायचं." काकींनी हॉलतिकीट दाखवलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं, मग दुसऱ्याला बोलावून दाखवलं. तोवर आजूबाजूची पोरं बघायला लागली. काकी आत गेल्या खऱ्या, पण हात इतका थरथरत होता की पहिली वीस मिनिटं त्यांना लिहिताच आलं नाही. तोच पेपर इतिहासाचा. सामाजिक शास्त्रांत त्यांना मिळाले एकतीस. चार गुणांनी राहिल्या. "त्या कर्व्याला लहान दिसतोस म्हणून काढलान," त्या म्हणाल्या, "आनि मला म्हातारी दिसतेस म्हणून!" काकी यंदा पुन्हा बसल्यात.

आता आपल्याला सातारला चालत जावं लागत नाही. विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या जागी एसएससी आली, १९६६ पासून राज्य मंडळ आलं, दहावीची एसएससी १९७५ पासून. आपण आधी कोल्हापूर विभागात होतो. मग रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी कोकण विभागीय मंडळ झालं आणि त्याची कचेरी इथे रत्नागिरीतच आली. आणि कोकण विभागाचा दहावीचा निकाल दरवर्षी राज्यात पहिला. २०२४ साली ९९.०१ टक्के, २०२५ साली ९८.८२. पेपरात बातमी आली की आपल्याला अभिमान वाटतो, मलाही वाटतो. पण हा आकडा नियमित विद्यार्थ्यांचा असतो. सतरा नंबरवाल्यांचा निकाल वेगळा काढतात आणि तो नेहमी खाली असतो. ज्यांना शिकवायला कोणी नाही, सरावाचे पेपर तपासायला कोणी नाही, त्यांचं तसं होणारच. शंभरातले नव्याण्णव पास होणाऱ्या जिल्ह्यात आपण तेवढ्या नापास राहिलो तर ते जास्तच लागतं, असं काकी म्हणतात. मला त्यांचं पटतं.

कर्व्यांची गोष्ट सांगताना अजून एक गोष्ट मनात येत होती. त्या चालणाऱ्या मुलांत एकही मुलगी नव्हती, असायचा प्रश्नच नव्हता. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा बायकांना खुल्या झाल्या त्या १८८०च्या दशकात, आणि तेव्हाही शहरातल्या मोजक्या घरांपुरत्या. मग आपल्या जिल्ह्यातल्या बायकांचं काय?

तर देवरुखच्या दोन बहिणी सांगते. थोरली गोदूबाई जोशी. लहानपणी लग्न, काही महिन्यांत वैधव्य. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, तिथली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली कर्व्यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला आणि मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. हीच बाया कर्वे. धाकटी पार्वतीबाई आठवले, जन्म १८७०. विसाव्या वर्षी विधवा, पदरी एक मुलगा. ही पुण्याला बहिणीकडे गेली आणि पंचविशी उलटल्यावर शिकायला बसली. पंचविशी उलटल्यावर, हे माझ्या बायकांनी मला दोनदा सांगायला लावलं. शिकली, कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून भाषणं करून पैसे जमवले. विधवेचं केशवपन करायची रीत होती, ती तिने स्वतःपुरती मोडली. इंग्रजी मात्र येईना. तर १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, बाई एकटी अमेरिकेला गेली. तिथे लोकांच्या घरी घरकाम केलं, इंग्रजी शिकली, १९२० साली परत आली. आणि 'माझी कहाणी' नावाचं पुस्तक लिहून ठेवलं. बायांनीही लिहिलं, 'माझे पुराण'.

हेही सांगायला हवं की त्या आश्रमाचं दार सुरुवातीला वरच्या जातीच्या विधवांनाच उघडं होतं. त्याच दापोलीजवळच्या वणंद गावी १८९८ साली रमाबाई आंबेडकर जन्मल्या. गरीब कष्टकऱ्याची मुलगी, आईबाप लहानपणी गेले, शाळा नाही. त्यांनी आपली कहाणी लिहून ठेवली नाही, त्यांच्याविषयी आपण इतरांकडून वाचतो. एका तालुक्याच्या परिसरात केवढा हा फरक! स्त्रीवादी इतिहासलेखनाचा मुद्दा वाचताना आमच्यातल्या एकीने विचारलं, "मग जिने लिवलंच नाय, तिचा इतिहास कसा काढायचा?" मी म्हटलं, ओव्या, गाणी, आठवणी, ज्याला पुस्तकात मौखिक साधनं म्हटलंय त्यातून. जात्यावरच्या ओव्या आमच्या काकींना पन्नास तरी येतात. त्या दिवशी पुस्तक बाजूला राहिलं, आणि ते बरं झालं.

आता सरावाचं. आम्ही जे करतो ते सांगते, तुम्हाला जमेल तसं घ्या.

आमची सगळ्यात मोठी अडचण निघाली हाताची. बायकांना उत्तर येतं, तोंडी फडाफडा सांगतात. पण वीस-पंचवीस वर्षांत सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. दोन तासांचा पेपर, एक तासात बोटं आखडतात. पहिल्या पेपरात वहिनीने पाऊण तास पहिल्या दोन प्रश्नांना घातला, अक्षर मोत्यासारखं, आणि शेवटचे प्रश्न कोरे. म्हणून आम्ही अभ्यास बाजूला ठेवून आधी महिनाभर रोज एक पान नुसतं लिहिलं. काहीही. सभेचा अहवाल, भाजीचा हिशोब, भावाला पत्र. मग घड्याळ लावून पेपर.

पेपरात योग्य पर्याय, चुकीची जोडी, संकल्पनाचित्र हे आधी उरकायचं, तिथे गुण पदरात पडतात. टीप लिहिताना मुद्दे पाडून लिहायचं. 'सकारण स्पष्ट करा' याला बायका फसतात. विधान पुन्हा उलटसुलट करून लिहितात, कारण लिहीतच नाहीत. त्याला आम्ही युक्ती काढली: सासूने "का?" विचारलं तर काय सांगशील, ते लिही. उतारा देऊन प्रश्न विचारतात तो तर सोडायचाच नाही. उत्तर निम्मं तिथेच असतं.

राज्यशास्त्रात आपण जास्त मजबूत, कारण ते आपण ग्रामसभेत बघितलेलं असतं. पण तिथेही एक गंमत झाली. आमच्यातली एक ग्रामपंचायत सदस्य आहे. प्रश्न होता, त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने महिलांना स्थानिक संस्थांत किती जागा राखीव झाल्या. तिने ठणकावून लिहिलं, निम्म्या. मी चूक दिली. ती भांडायला आली, "मी स्वतः निवडून आलेय, आमच्यात निम्म्या बायका आहेत, आणि चूक कशी?" दोघींचंही बरोबर होतं. घटनादुरुस्तीने, जी १९९३ पासून लागू झाली, किमान एक तृतीयांश जागा दिल्या. निम्म्या केल्या त्या आपल्या राज्याने, २०११ साली. आता ती दोन्ही ओळी लिहिते, आणि मीही गुण पूर्ण देते.

स्त्रीवादी इतिहासलेखनाच्या टिपेत वहिनीने ताराबाई शिंदे, पंडिता रमाबाई लिहिलं आणि खाली आपल्या मनाने देवरुखच्या पार्वतीबाईंवर चार ओळी लिहिल्या. मला काळजी वाटली, तपासणाऱ्याला हे नाव दिसलं तर तो काय करेल. मी सांगितलं, आधी पुस्तकातले मुद्दे पुरे कर, मग जागा नि वेळ उरला तर लिही. ती म्हणाली, "उरवीन वेळ."

ज्यांना पुढच्या वर्षी बसायचंय त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच शोधून ठेवा. माहेरच्या शाळेतून आणावा लागतो, आणि माहेर लांब असेल तर त्यालाच दोन महिने जातात. पाचवी झालेली असली तरी चालते, वयाला वरची अट नाही. फॉर्म पावसाळ्याच्या शेवटी सुटतात, नेमके गणपतीच्या नि भातकापणीच्या धांदलीत, म्हणून तारखेवर लक्ष ठेवा. परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे काजू, आंबा आणि शिमगा तिन्ही एकदम. यंदा आमच्याकडे पालखी घरी यायच्या दिवसांतच पेपर आहे की काय म्हणून काकी रोज कॅलेंडर बघतायत. पालखीला सून आहे, असं त्यांनी परवा जाहीर करून टाकलंय.

गुरुवारी आणि रविवारी पाच ते सात आम्ही समाजमंदिरात असतो. ज्यांना प्रश्नपत्रिका बघायच्यात त्यांनी या. फोन करायचा असेल तर सातनंतर करा, त्याआधी पेपर चालू असतो.